हॉटेल वाढवत आहोत

नाना, दुपारची गिऱ्हाइकं जेवून गेली आहेत आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून तुम्हाला लिहिते आहे. ताटं घासायला गेली, फरशी अजून ओली आहे, डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरतोय. या वेळेला आपलं हॉटेल कसं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाहेरून रिक्षा जातात, पण त्यांचा आवाज आत येईपर्यंत मऊ होतो. फोडणीचा वास भिंतींना धरून राहिलेला असतो. बसल्या बसल्या माझे डोळे मिटतात आणि तुम्ही दिसता, खांद्यावर पंचा टाकून दारात उभे, कात्रपच्या रस्त्याकडे बघत. कुणीतरी पायरी चढतं आणि तुम्ही मान जराशी तिरकी करून म्हणता, "या, बसा, गरम आहे." काय गरम आहे ते कधी सांगायचा नाहीत. येणाऱ्याला तेवढ्यानेच बरं वाटायचं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचं एक वेड अजून या जागेत आहे. 'बंद' हा शब्द तुम्हाला चालायचा नाही. अंबरनाथच्या तुमच्या कंपनीच्या गेटवर एका सकाळी तोच शब्द लिहिलेली पाटी लागली होती. तुम्ही भरलेला डबा घेऊन तसेच माघारी आलात आणि तो डबा आपण सगळ्यांनी घरी बसून खाल्ला. त्यानंतर हा गाळा घेतलात आणि इथे ना 'बंद' म्हणायची सोय राहिली ना 'संपलं' म्हणायची. भात संपला की तुमचा "भात वाढला". बायका फुटलेल्या बांगडीला वाढली म्हणतात, तसं. शटर ओढायची वेळ झाली की "चला, हॉटेल वाढवा". मी नववीत असेन, एकदा भर गर्दीत ओरडले, "पोळ्या संपल्या!" तुम्ही मला मोरीपाशी नेलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "हे बघ पोरी, जेवायला बसलेल्या माणसाच्या कानावर तो शब्द घालू नये. त्याचा घास अडतो." आवाज चढवला असतात तर मी उलट बोलले असते, जीभ माझी तेव्हाही काही कमी नव्हती. पण तुम्ही हळू बोललात, मग काय करणार, ऐकलं.

आणि ते उल्हासनगरचे सिंधी शेठ आठवतात का? कापडाचे गठ्ठे दुकानांत टाकून ऐन उन्हात यायचे, घाम पुसत. एकदा उशिरा आले. परातीत पीठ नव्हतं, भाकऱ्यांची दुरडी रिकामी. तुम्ही आपले नेहमीसारखे म्हणता, "शेठ, भाकरी वाढली." शेठ खूश. बाह्या वर सारून खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, "बढ़ गई? वाह साईं, तो दो लाओ ना!" तुम्ही माझ्याकडे बघता, मी तुमच्याकडे. हसायचं की रडायचं तेच कळेना. तुम्ही आत जाता, आईला काहीतरी पुटपुटता, आणि आई चुलीपुढे परत बसते, कपाळावर पिठाचं बोट तसंच. त्या भाकऱ्या थापल्याचा आवाज मला आत्ताही ऐकू येतो, थप, थप, सावकाश. शेठ तोवर डोळे मिटून पंख्याखाली बसून राहिले. पुढे कित्येक वर्षं ते दारातूनच विचारायचे, "नाना, आज क्या क्या बढ़ गया?" आणि सगळं हॉटेल हसायचं.

आता गिऱ्हाइकं दारातून विचारत नाहीत, फोनवर लिहितात. तुमची नात संध्याकाळी घरी मला ते वाचून दाखवते. जेवण मस्त. वातावरण घरासारखं, पंखा फार आवाज करतो. सर्व्हिस चांगली, पण ताटात भात टाकला तर मालकीणबाई ओरडतात. मग? ओरडू नको तर काय ओवाळू? हे सगळं मी हसून सोडून देत होते. मग एका संध्याकाळी ती वाचता वाचता म्हणाली, "चव पूर्वीची राहिली नाही," आणि पुढचं वाचायला लागली. मला मात्र पुढचं काही ऐकूच आलं नाही. नाना, फार लागलं ते. रस्त्यापलीकडे नवीन हॉटेल झालंय, पिवळे दिवे, भिंतीवर टांगलेल्या कुंड्या. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण लोक नानांच्या चवीसाठी येतात, एवढ्याच भरवशावर मी इथे उभी होते. तीच सांभाळता आली नसेल तर मी राखते आहे तरी काय, रिकामं घर? गुडघे तर कधीचे बोंबलतायत. मोबाईलच्या दुकानासाठी एकजण गाळा मागत होताच. मी ठरवून टाकलं.

पुठ्ठा घेतला, मार्कर घेतला, लिहायला बसले आणि हात अडला. तो शब्द काही केल्या उतरेना. शेवटी तुमच्याच भाषेत लिहिलं, "सर्व गिऱ्हाइकांना नमस्कार. या रविवारी हॉटेल वाढवत आहोत." दाराला चिकटवलं आणि घरी जाऊन गपचूप झोपले.

रविवार उजाडला. मी आणि मावशी भांडी आवरायला आलो होतो. मावशी म्हणजे आत्ता माझ्या हाताखाली स्वयंपाक करणारी, बारवीकडच्या पाड्यावरची, तुमच्या मागून आली. रोजच्या सवयीने तिने आल्या आल्या डाळ शिजत लावलेली. शेवटचं आपण दोघींनीच जेवू, म्हणाली. वाफ उन्हात चढत होती, मला सगळं पाण्याखाली असल्यासारखं अंधुक दिसत होतं. आणि जेवणाच्या वेळेला दारात माणसं. चिखलोलीच्या नव्या इमारतींमधली पोरंपोरी, शिरगावचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई, आणखी कोण कोण. एकाच्या हातात झाडाची कुंडी, एकीच्या हातात पेढे. "काकू, अभिनंदन! वरचा मजला घेतला का?" "एसी हॉल किधर है काकू?" एक पठ्ठ्या तर मागची भिंत कुठे फोडलीय ते हात लावून बघायला लागला! मावशी आतून बघत होती. तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाय, ही पोरा नवा हॉटेल शोधतात. कुठला दाखवू यांना?"

माझं डोकंच फिरलं. "अरे, वाढवलं म्हणजे आवरलं! मराठी शिकवतात की नाही तुम्हाला?" पेढेवाली मुलगी खोका छातीशी धरून म्हणाली, "म्हणजे... बंद?"

तुमच्या हॉटेलात, नाना, भर दुपारी. मला तिला दटावायचं होतं, पण मी नुसती मान हलवली. कुणी बसेना, कुणी जाईना. पंखा तेवढा चालू.

मास्तरांनीच विचारलं, "का पण?"

"लोक लिहितात, चव पूर्वीची राहिली नाही," मी म्हटलं. "मग कशाला चालवायचं?"

"लोक नाही, मी लिहिलंय," मास्तर म्हणाले. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. "खोटं आहे का? नानांची आमटी चिंचगुळाची. तुमची आमसुलाची, झणझणीत. पूर्वीची नाहीच ती. म्हणून तर मी शिरगावहून रिक्षा करून येतो. तक्रार कुठे केली मी?"

"मी म्हणत होते, पुढे अजून एक वाक्य लिहा," त्यांच्या बाई म्हणाल्या. "पण यांना कंटाळा!"

इतकी वर्षं मी तुमची जागा धरून बसले आहे असं समजत होते, आणि ही माणसं माझ्या हातचं जेवायला येत होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी खेकसले, "उभे काय राहिलात? बसा सगळे. पानात टाकाल तर याद राखा." मावशीने डाळीला फोडणी दिली आणि मी वाढायला घेतलं. कुंडी खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी मोबाईलवाला आला, त्याला नाही म्हटलं. तो बिचारा दारावरच्या पुठ्ठ्याकडे बघून म्हणाला, "हो, वाचलं मी, तुम्हीच वाढवताय म्हणून."

मावशी चहा घेऊन आलीय, विचारतेय काय एवढं लिहिते आहेस. हिशेब, म्हटलं. कागद आता चुलीत जाईल, पाठवायचा कुठे? पण जाण्याआधी एक सांगून टाकते, रागावू नका. अजूनही जुनी माणसं घास घेऊन म्हणतात, अगदी नानांची चव, आणि मी मान डोलावते. नाना, मला तुमची आमटी कधीच आवडली नाही. फार गोड करायचात.