गेरूची फुली

अकोला, जुने शहर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८६

तीर्थस्वरूप गोवर्धनदादांस धाकट्या चंद्रभानचा दंडवत. आम्ही सारे सुखरूप आहोत. मैनावहिनींचा खोकला कसा आहे? अचलपुराकडे थंडी जास्त, त्यांना पहाटे अंगण झाडू देऊ नका.

बार्शीटाकळीचं काम झालं. विलायतेत कापसाला कधी नव्हे एवढी मागणी, म्हणून भगवंतराव पाटलांना घरातच कापूस ठेवायला माळा हवा होता. बाबांच्या रीतीने जमिनीपासून आढ्यापर्यंत मधोमध खांब दिला असता, तर माळा अडला असता. मी तो खांब गाळला. छपराचा भार घ्यायला तुळयांवर भिंतीच्या अंगाने दोन-दोन खुंट, म्हणजे आखूड खांब, उभे केले, मधली वाट मोकळी ठेवली. पाटील डोक्यावरचं पागोटं न काढता या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालत गेले. तुम्ही मात्र ह्याला पोरखेळ म्हणाला होतात. मी ते विसरलेलो नाही.

आता विचारायचं ते विचारतो. तुम्ही पाठवलेल्या सागाच्या तुळयांपैकी एक कोणी निवडली? गाडीवानाने वाटेत बदलली तर नाही? दिसायला देखणी आहे, पण मधोमध ठोकली की आवाज बसका येतो. खरं सांगा दादा, माझा माळा फसावा असं तुमच्या मनात होतं का?

पाटलांवरही माझा भरवसा नाही. मी सुटा कापूस धरून माळा बांधला. परवा वर डोकावलो तर कोपऱ्यात सरकीची जड पोती. विचारलं तर म्हणतात, "दोनच तं हायेत. तुले काहून पंचाईत?" मी मोजली. अकरा होती.

आणि खालच्या खोलीचं दार. ते नेमकं त्याच तुळईखाली येतं. पाटलीणबाई पार्वताबाईंनी बोलावून घेतलं. "मिस्तरी, दार अडून राह्यलं जी. पाण्यानं फुगलं का?" ह्या दिवसांत कसलं पाणी! तरी मी हो म्हणालो आणि दार वरून तासून दिलं. आठ दिवसांनी पुन्हा अडलं, पुन्हा तासलं. त्या खोलीत त्यांची लेक वच्छला बाळंतपणाला आली आहे, बाळ नुकतंच झालंय. तिने मला गूळपाणी दिलं आणि विचारलं, "काका, आता लागन ना दार? बाळाले वारं नको लागाले." लागेल म्हणालो. तिच्याकडे बघवलं नाही.

दादा, इतका वेळ मी ज्याच्यात्याच्यावर ढकलत आलो. त्या तुळईवर तुमची फुली होती. गेरूची, लांबून दिसेल अशी. आपल्या घरात फुलीचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे: लाकूड आतून पोकळ, चौकटीला चालेल, ओझ्याखाली नको. पण मला वाटलं, तुम्ही ती मुद्दाम मारलीत. तुळई कमी पडली की मी झक मारत मधला खांब देईन, आणि धाकट्याला जमलं नाही असं तुम्हाला चारचौघांत सांगता येईल. मी रंधा घेतला आणि फुली काढून टाकली. ढलप्या लाल निघाल्या. त्या मी चुलीत घातल्या, कोणी बघू नये म्हणून.

आज सकाळी पाटलांचा निरोप आला: दार तिसऱ्यांदा अडलंय, रंधा घेऊन या.

रंधा नेत नाही. दार फुगलेलं नाही, वरची तुळई खाली वाकते आहे. गाडीत टेकूची लाकडं चढेपर्यंत हे लिहितो आहे. आधी वच्छलेला बाळासकट दुसऱ्या खोलीत हलवीन, मग तुळईखाली टेकू देईन, मग सगळा माल खाली उतरवीन. मग पाटलांना फुलीचं सांगेन. त्यांनी दारात उभं केलं नाही तरी चालेल. पोर तेवढी सुखरूप सापडू दे. मला फार भीती वाटते आहे, दादा.

तुम्ही चांगली तुळई घेऊन या. या खेपेला तिच्यावर जी खूण असेल, ती मी मानीन.

तुमच्या खुणेवर रंधा फिरवणारा,
चंद्रभान