ऑलिव्हची सात पत्रं

शुक्रवार, ५ जानेवारी

ऑलिव्ह उद्या येतेय. साठ वर्षांनी! रविवारी दुपारच्या गाडीने परत जाणार.

लिही गं ब्रीद, सांगते तसंच लिही. सून आहेस म्हणून मधे स्वतःची मतं घुसडू नकोस.

मला अक्षर ओळखता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑलिव्हला नाही. मोज्यांच्या गिरणीत आठ वर्षं आम्ही शेजारशेजारच्या यंत्रांवर होतो, पण तिला पत्ता लागू दिला नाही. कागद समोर आला की म्हणायचं, "चष्मा विसरले." डोळे घारीसारखे होते माझे!

तिचं लग्न टेकडीवरच्या घंटांच्या चर्चमध्ये झालं. ते प्रोटेस्टंटांचं, आम्ही कॅथलिक. मी करवली होणार होते. आमच्या पाद्र्याने बजावलं, त्या उंबऱ्यात पाय ठेवलास तर पाप लागेल. झालं! ऑलिव्ह आत उभी, आणि मी फाटकाबाहेर लोखंडी कठडा धरून पावसात.

नंतर ती बेलफास्टला नांदायला गेली. तिथून सात पत्रं आली. मी एकही फोडलं नाही. शिव्याच असणार, दुसरं काय? आणि त्या दुसऱ्याच्या तोंडून कोण ऐकून घेईल?

उत्तर का दिलं नाहीस, असं ती उद्या विचारणार. काय सांगू?

शनिवार, ६ जानेवारी

आज बायकांचा नाताळ. बाईने कपसुद्धा उचलायचा नाही, चूल पुरुषांच्या गळ्यात! फिनबारने सकाळीच एप्रन बांधला आणि विचारलं, "आई, बटाटे आधी धुतात की आधी सोलतात?" माझा लेक. साठीला आलाय.

ऑलिव्ह गाडीतून उतरली ती काठी टेकत. मी हाक मारली तशी वळली, मान तिरकी करून पाहत राहिली.

"नोनी, मला मधलं काही दिसत नाही गं आता. कडेचं दिसतं थोडं. तू नुसता एक ठिपका आहेस."

"मोठा की लहान?"

"चांगला मोठा."

"मग मीच ती."

हसली! तेच खिंकाळणं, गिरणीतलं. म्हणाली, "चल, मला आपलं कॉर्क शहर दाखव." आता हिला काय दाखवायचं!

मग मीच तिचे डोळे झाले. आभाळ कढईच्या बुडासारखं, भुरभुर चालू, भर दुपारी दिवे लागलेले. नदी फुगलेली, कोऱ्या चहाच्या रंगाची. पुलाखाली दोन हंस, नवराबायको असावेत, एकमेकांकडे पाठ करून. सगळं सांगत गेले. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं — काय देखणं आहे गं हे! ऐंशी वर्षं इथे राहिले आणि भाजीच्या पिशवीपलीकडे मान वर केली नाही. तिला मात्र चढावरून गल्ल्या ओळखू येत होत्या. "ही बेकरीची," म्हणाली, बूट टेकवून. बेकरी जाऊन तीस वर्षं झाली. गल्ली बरोबर!

बाजारात खाटकाला तिने विचारलं, "आतडं आणि रक्ताचं सॉसेज अजून ठेवता?"

"ठेवावं लागतं, आजी. तुमच्यासारख्या दोघी अजून जिवंत आहेत ना!"

तिने पुडकं नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

मग म्हणाली, टेकडीवरच्या चर्चमधल्या घंटा वाजवायच्या. तिकीट काढलं की हल्ली कुणालाही वाजवू देतात. फाटकाशी माझे पाय थांबले.

"चल गं. तुझा पाद्री कधीच मातीत गेला."

गेले. आत! वीज पडली नाही. थंडी मात्र मरणाची.

वरच्या खोलीत आठ दोऱ्या, ओळीने. दोरी ओढली की मनोऱ्यात घंटा वाजते. कार्डांवर गाणी लिहिलेली असतात — डोक्यावर नाव, खाली दोऱ्यांचे आकडे. आकडे मला येतात, नाहीतर बस कशी पकडली असती! ऑलिव्ह म्हणाली, "लग्नात वाजवलं होतं ते भजन काढ." एवढी कार्डं! नाव कोण वाचणार? मी ऐटीत एक उचललं. "चष्मा घातलाय," असंही म्हणाले. देवा!

मी आकडे सांगतेय, ती चाचपत दोऱ्या ओढतेय. पाच, पाच, तीन... आणि टेकडीभर निघालं काय? मॅच जिंकल्यावर दारूच्या गुत्त्यात टेबलावर चढून कोकलतात ते गाणं!

तिकिटाच्या खिडकीवरची बाई धापा टाकत वर आली. "बायांनो, भजन मागितलं होतंत ना?"

ऑलिव्हने दोरी सोडली. "नोनी, कार्डावर काय लिहिलंय?"

सांगितलं. काय करणार! साठ वर्षांचं एका वाक्यात आटपलं. "मला वाचता येत नाही गं. कधीच येत नव्हतं."

"मग माझी पत्रं?"

"कपाटात. फोडलीसुद्धा नाहीत."

ती तिथल्या बाकावर बसली. मला वाटलं, आता उठून चालू लागेल. तिने हात पुढे केला, चाचपडत माझा गाल शोधला.

"आठ वर्षं! आणि मी मूर्ख, तुझ्या चष्म्यासाठी गिरणीत वर्गणी काढणार होते!"

दोघी इतक्या हसलो की बाईने पाणी आणून दिलं. माझी मैत्रीण सोन्याची आहे, हे नीट मोठ्या अक्षरांत लिही, ब्रीद.

जेवायला फिनबारचे बटाटे. अर्धे कच्चे, अर्धे कोळसा. वर मलाच विचारतो, "दुपारी ते चर्च प्यायलं होतं की काय?"

रविवार, ७ जानेवारी

पाऊस. नदीकाठी बाकावर एका छत्रीत बसलो. धुक्यात मनोरा दिसत नव्हता, म्हणजे आज दोघींनाही सारखंच दिसत होतं. घंटा वाजल्या तशी ती एकदम म्हणाली, "विल्फ्रेड गेला त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या." नवरा तिचा. का, ते मी विचारलं नाही.

गाडीत चढताना म्हणाली, "ती पत्रं जाळून टाक. हवापाण्याच्या गप्पा आहेत नुसत्या." फार घाईने म्हणाली. मी हो म्हटलं.

सोमवार, ८ जानेवारी

जाळायला काढली. शेवटचं तेवढं ब्रीदकडून वाचून घेतलं. शिवी एकही नाही.

'नोनी, विल्फ्रेड हात उचलतो. मला परत यायचंय. तुझ्याकडे एक खाट टाकशील का? उत्तर आलं नाही तर नाही म्हणालीस असं समजेन, पुन्हा विचारणार नाही.'

चाळीस वर्षं राहिली ती त्या माणसापाशी.

लिहिणं ठेव, ब्रीद. फिनबारला म्हणावं, मागची खोली रिकामी कर. आणि तिला फोन लाव.