सरदीनाच्या अंगावरचे चट्टे

प्रिय नझहा,

फोनवर तू नेहमी घाईत असतेस, म्हणून लिहिते.

तुझे बाबा इथे सफीच्या बंदरावर जिला मासे टाकायचे ती मांजर, सरदीना, ते गेल्यावर दारात येऊन बसली. मी घरात घेतली. कानामागे, पायांवर वाटोळे चट्टे, केस गळलेले, कडेला कोंडा. मी नवऱ्यामागच्या इद्दतीत, चार महिने दहा दिवस पांढऱ्या कपड्यांत, उंबऱ्याच्या आत. म्हणून शेजारच्या लाल्ला तामोवर विसंबले. बकऱ्यांच्या खरजेला लावतात ते काळं, जळक्या वासाचं लाकडाचं तेल, कत्रान, तिने सरदीनाला चोपडलं. "आमच्या गावच्या बकऱ्या यानेच बऱ्या झाल्या गं, ही तर मूठभर मांजर!" पण मांजर अंग चाटते. दुपारपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला, पाय थरथरायला लागले.

मी तिला टोपलीत घातलं आणि पांढऱ्या कपड्यांतच बाहेर पडले. "नवऱ्याची इद्दत मांजरीपायी मोडली बघा!" गल्लीतल्या बायका मला ऐकू जाईल असं बोलल्या. ते तुझ्यापर्यंत, कासाब्लांकाला पोचलं. "आई, सासरी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," म्हणालीस. मांजर जगली का, ते विचारलं नाहीस.

जनावरांच्या डॉक्टरने भांड्यांच्या साबणाने तेल उतरवलं. म्हणाला, "मावशी, हा नायटा. पोराबाळांना लागतो, पण बरा होतो." मी तुला दोन्ही सांगितलं, तू पहिलंच ऐकलंस. म्हणालीस, "रीमला घेऊन मी तिच्या आजीच्या घरात पाऊल टाकणार नाही."

मशिदीच्या वर्गात पन्नाशीत शिकलेली अक्षरं कामी आली. औषधाच्या खोक्यातला कागद मीच वाचला. गंधकाच्या पाण्याने अंघोळ घालायची, घरभर सडक्या अंड्यांचा वास. तोंडातून औषध. पांघरुणं उकळायची, गळलेले केस रोज टिपायचे. केस परत आले तरी औषध थांबवलं नाही. डॉक्टरने केस दोनदा तपासून घेतले, बुरशी सापडली नाही. "मावशी, हात इतका हलका कुठे शिकलात?" तुझ्या बाबांच्या पाठीवर शिकले, अंथरुणाला खिळून झालेल्या त्या जखमांवर. तू त्या दारातूनच पाहिल्यास. तेव्हा कारण रीमच्या सर्दीचं होतं.

इद्दत संपली. पांढरे कपडे धुऊन ठेवले. सरदीना बाबांच्या खुर्चीत झोपते. ये म्हणत नाही. फक्त मांजरीचं कारण आता उरलं नाही, हे कळवायला लिहिलं. या खेपेला खरं कारण लिही. मला वाचता येतं.

तुझीच आई,
यामना