खडस माशाचा डोह

अण्णा, काल वेरूळला गेले होते. पुण्याच्या पाहुण्यांना घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं. रांग लांबलचक, आणि माझे गुडघे आता रांगेत उभं राहू देत नाहीत. "तुम्ही जाऊन या," असं त्यांना सांगितलं आणि रिक्षा करून वर, आपल्या डोहाच्या नदीवर गेले. ठरवून नाही. आताशा ठरवून काही करायचाही थकवा येतो.

तुम्ही कोर्टातले कारकून. आपल्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा यायचा नाही, आणि तुम्हाला वेड माशांचं. बदली होऊन निघालेल्या एका जज्जसाहेबांनी आपली गळाची काठी तुम्हाला देऊन टाकली होती आणि आमिष म्हणून गळाला पिसांची खोटी माशी कशी बांधायची तेही शिकवलं होतं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची, आणि तुम्ही उंबऱ्याबाहेर पाट टाकून कोंबड्याचं पीस गळाला गुंडाळत बसायचात. धागा जुन्या फायलींच्या लाल फितीतून उसवलेला. "ते पीस माझ्या परातीत उडालं ना, तर बघा," आई म्हणायची. तुम्ही मान वर करायचा नाहीत.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की रविवारी पहिल्या एसटीनं आपण निघतो. मी अकरा वर्षांची आहे. नदीकाठच्या शेताचा मालक बांधावर उभा असतो, तुमच्याच वयाचा. त्याच्याच शेतातून डोहाकडं वाट जाते. "पोरीला चपला काढाय लावा, साहेब," तो म्हणतो, "दणका जातो पाण्यात." पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. गोट्यांवर खडस मासे प्रवाहाकडं तोंड करून थांबलेले. जरा काही हललं की डोह रिकामा. एकदा मी बघायला पुढं वाकले आणि तुम्ही दंडाला धरून मला मागं ओढलंत. "सावली आवर. आपल्याला तो पाण्यात दिसतो, त्याला आपण आभाळात दिसतो." मग तासभर गुडघ्यांवर बसून तुम्ही ती माशी पाण्यावर अलगद सोडत राहिलात. एक खडस वर आला, बघून परत गेला. तुम्ही खूश झालात. "हुशार आहे," म्हणालात, जणू माझंच प्रगतिपुस्तक बघताय. क्वचित एखादा लागला तर हात ओले करून त्याला सोडवायचात आणि पुन्हा पाण्यात सोडायचात. शेतकरी म्हणायचा, "लई येडे हायेत साहेब," आणि आपल्याला भुईमुगाच्या शेंगा भाजून द्यायचा. माझ्या आठवणीत तुम्ही मोकळं बोलायचात ते फक्त त्याच्याशी.

त्याच वर्षी, पुढच्या महिन्यात आपण गेलो तेव्हा डोह गढूळ होता. काठावर बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून पडलेली. विहिरीला लावतात तसा सुरुंग कुणीतरी पाण्यात उडवला होता, मोठे मासे पोत्यात भरून नेले होते. तुम्ही सरळ शेतात गेलात. "ही जागा तुम्ही दाखवलीत. तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होती?"

"नाय साहेब. म्या तं दोन दिस सासुरवाडीला व्हतो. म्या कशाला दाखवू?"

"एवढीशी गोष्ट राखता आली नाही तुम्हाला."

तो माझ्याकडं बघत होता. मी तुमच्या खोट्या माश्यांची डबी हातात धरून उभी होते. वर्गातल्या मैत्रिणीला मी सगळं सांगितलं होतं: एसटीचा थांबा, बांध, वाकडं उंबराचं झाड. तिचे काका विहिरींना सुरुंग लावायचं काम करायचे. मला तिथंच कळलं होतं, अण्णा. तोंड उघडलं नाही. परत येताना त्यानं राम राम घातला, तुम्ही मान फिरवलीत. काठी कपाटावर गेली. पुढची बावीस वर्षं तुम्ही जगलात, रविवारी पेपर वाचत.

काल तो शेतकरी बाजेवर बसला होता. पंच्याऐंशीचा असेल, डोळ्यांत मोतीबिंदू. शेतात मुलाचं हॉटेल झालंय. नदी पावलाएवढी उरलीय, तिच्यात पाण्याच्या बाटल्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं सुनेला चहा टाकायला लावला. मग मी बोलले. डोह मीच सांगितला होता, म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. "पोरीच्या तोंडाकडं पाहूनच समजलं व्हतं मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"लेकरू व्हतीस. साहेबानं तिथंच मारलं असतं." त्यानं चाचपत कप खाली ठेवला. "मासं गेलं तं गेलं. पण माह्या राम रामाला त्यांनी तोंड फिरवलं, ते लई लागलं. नंतर कधी काही बोलले का माह्याबद्दल?"

तुम्ही एकदाही बोलला नव्हतात. मी म्हणाले, "बोलले ना. मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. तुमच्याकडं यायचं होतं त्यांना, आजारपणात राहून गेलं."

त्यानं हात जोडून कपाळाला लावले. "वाटलंच मला. माणूस सरळ व्हता."

पाहुण्यांचा फोन आला, मी उठले. रात्री जेवले नाही. आज सकाळपासून हे पत्र लिहितेय, पेटीत टाकायचं नसलं तरी. वाटलं होतं, तुम्हाला सांगून झाल्यावर हलकं वाटेल. पण खरं एवढंच की तुम्ही समोर खुर्चीत असतात, तर मी आजही सांगितलं नसतं.