टेबलावर राहिलेली नळी

३ मार्च
दादा आज पुन्हा थांबला. बाजारातून येताना दोनशे पावलांत तीन दुकानं – चपलांचं, घड्याळांचं, रंगाच्या डब्यांचं. वहिनी वैतागली, काय घ्यायचंय ते एकदाचं घेऊन टाका म्हणाली. त्याला काहीच घ्यायचं नसतं. पोटरी धरते, मिनिटभर उभं राहिलं की सुटते.

बाबाही असेच थांबायचे. आम्ही चिडवायचो. मग त्यांचा पाय कापावा लागला. सगळ्यांनी सिगारेटवर खापर फोडलं. दादानं तर सिगारेटला कधी हातही लावलेला नाही!

५ मार्च
दादाला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. घोट्याजवळचा रक्तदाब हातातल्याच्या निम्मा. पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. वय पंचेचाळीस, साखर नाही, व्यसन नाही – म्हणून रक्तातलं होमोसिस्टीन तपासायला सांगितलं; ते वाढलं की रक्तवाहिन्या खराब होतात.

६ मार्च
रक्त मीच काढलं, आमच्या लॅबमध्ये. वीस वर्षं हेच करते, तरी भावाची शीर दोनदा चाचपून पाहिली. नळी लगेच बर्फात, मग पेशी वेगळ्या करायला सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवली. रक्त तसंच ठेवलं तर पेशींतून होमोसिस्टीन झिरपत राहतं आणि आकडा खोटाच फुगतो. नव्या लोकांकडून हे मी घोकून घेते.

४१. पंधराच्या आत हवा.

९ मार्च
डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा हे घराण्यातून येतं. जनुकातच खोट असते, शरीराला फोलेट हे जीवनसत्त्व नीट वापरता येत नाही. गोळ्यांनी आकडा उतरेल, पण त्यानं पाय सुधारेलच असं नाही. खरं औषध चालणं – दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

"म्हणजे दुकानं चालूच!" दादा म्हणाला. डॉक्टरही हसले. मग माझ्याकडे वळले. "तुमचंही बघून घ्या."

१० मार्च
माझी नळी टेबलावरच राहिली. रक्त काढलं, तेवढ्यात मशीन अडलं, मग फोनवर फोन. दीड तास! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

३६.

नमुनाच बिघडलेला. रिपोर्ट फाडून टाकला.

११ मार्च
पुन्हा रक्त द्यायला वेळ झाला नाही.

१४ मार्च
डॉक्टरांनी विचारलं. नळी राहून गेली म्हटलं. मग पुन्हा द्या, तुम्हाला मी काय शिकवणार, म्हणाले. दादा रोज चालतो, मलाही बोलावतो. मी कामाची सबब सांगते.

१७ मार्च
इथे कोण वाचतंय! लिहूनच टाकते. बाहेर राहिलेल्या रक्तात हा आकडा तासाला साधारण दहा टक्के वाढतो. दीड तासाचे पंधरा टक्के. ३६ मधून तेवढे वजा केले तरी तीसच्या वरच राहतात. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, बोटांवर मोजण्याइतका सोपा हिशोब.

भीती वाटते. बाबांच्या विजारीचा रिकामा पाय वर दुमडून पिनेनं टाचायचं काम माझ्याकडे होतं.

१९ मार्च
बसथांब्यावरून घरी येताना कुलपांच्या दुकानासमोर उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, "काय दाखवू, ताई?"

काही नको म्हटलं. मिनिटभरानं पोटरी सुटली.