फोडणीखालची बिअर

४ मे २००१, अजमान
जमली! दह्याच्या निवळीवर आंबवलेली माझी माल्टची बिअर आज चाखली. स्वच्छ आंबट, एक डोळा आपोआप मिटतो. मिलिंद म्हणाला, बरी आहे. आमच्या नवऱ्याच्या तोंडून ही शाबासकीच. आखातात असूनही बाटल्या इथे हव्या तेवढ्या मिळतात, पण ही मी केलेली. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून इतकी वर्षं डिपेंडंट व्हिसावर पोळ्या लाटल्या. आता हे काहीतरी फक्त माझं. पुढची पायरी, फळ.

८ मे
फळ घालताना भल्याभल्यांची नासते. साल म्हणजे जंतूंची धर्मशाळा. उकळलं तर मुरांबा, नाही उकळलं तर आत कोण शिरेल सांगता येत नाही. मि.चं मत: आहे तशीच पिऊ, कशाला नसता उद्योग. हट्ट माझाच. पाडाचे आंबे आणले, सोलले, फोडी गोठवल्या. गोठवून जंतू मरत नाहीत, माहीत आहे. तरी. बरणी वाफवली, बिअर आणि फोडी आत.

१३ मे
सासूबाई आल्या सांगलीहून. सिंकखालची बरणी पहिल्याच दिवशी दिसली. काय गं हे? तोंडातून निघून गेलं, खारातले आंबे, आई. मि.ला ठसका. आमची लेक मुक्ता नाक धरून म्हणाली, "आई, इट स्मेल्स लाइक सॉक्स." आजीने अर्थ विचारला नाही, देव पावला.

१८ मे, शुक्रवार
वर पांढरा पापुद्रा! सायीसारखा, सुरकुतलेला. केस नाहीत, हिरवा-काळा ठिपका नाही, म्हणजे बुरशी नसावी. रानटी यीस्ट. ते बिअरची वाट लावतं, नाहीतर सोनं करतं. मि. म्हणतो फेकून दे, खलास. मुळीच नाही. पापुद्रा मोडायचा नाही, हात लावायचा नाही, वाट बघायची. पुन्हा लॅबमध्ये उभी आहे असं वाटतंय. पण ही गेली तर परत मांडायचा धीर होईल का...

२२ मे
मुक्ताला बसवर सोडून, भाजी घेऊन परतले. जिन्यातच हिंग-मोहरीचा वास. आई ओट्याशी, भलत्याच खुशीत.
"अगं, तुझ्या आंब्यांवर बुरा धरला होता. विरजणाच्या पळीनं काढला आणि फोडणी गार करून वर ओतली. आता वर्षभर काही होत नाही त्याला."
बोटभर तेल. त्यात मोहऱ्या तरंगतायत. चांगलं केलंत, म्हटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग हसू आलं ते थांबेना. लोणचं म्हणून मीच सांगितलं होतं, त्यांनी लोणच्याला करतात तेच केलं. मि. संध्याकाळी हळूच, आता तरी ओतायची ना? मी भाजी निवडत राहिले.

२३ मे
अगं वेडे, तेल म्हणजे झाकण! पापुद्रा हवेवर जगतो, तेलाने हवाच तोडली. पळी विरजणाची, म्हणजे आत गेले ते जंतू दह्याचेच, आधीचे घरातलेच. फेस गेला कायमचा, तेलात फेस टिकत नाही. जाऊ दे फेस. कधी चाखते असं झालंय. आई रोज बरणीकडे कौतुकाने बघतात.

३० मे
नळी तेलाखाली घालून पेलाभर काढली. आंबा! देठाजवळचा, चिकाचा. आंबटपणा पार खाली उतरलेला. शेवटी पुसटसा हिंग, की मनाचे खेळ? पुन्हा चाखायला पेला उचलला तर आई दारात. पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात पुढे केला. दिला. दुसरं काय करणार. घोट तोंडात बराच वेळ घोळवला.
"हे खारातलं नव्हे," म्हणाल्या.
त्यांनी पेला ओट्यावर ठेवला, पदराने ओठ टिपले.
"अजून मुरलं नाहीये. माझा व्हिसा जुलैपर्यंत आहे."
बरणी पुन्हा सिंकखाली सरकवली. त्यांनीच.