बोडी आटली तरी पाट राहतो

सिंदेवाही, मंगळवार, दिवेलागण

उद्या शेजारच्या करुणाचा तंत्रनिकेतनाचा पेपर, आणि आमचं गणित काही जुळेना. दोन बॅटऱ्या, तीन रेझिस्टर. एका वेळी एकच बॅटरी धरायची, मग दोन्हींच्या करंटांची बेरीज करायची. दुसरी बॅटरी मी रेडिओदुरुस्तीच्या सवयीनं काढूनच टाकायचो, जागा तशीच तुटलेली. उत्तर दरवेळी चुकायचं.

पोरगी एकदम हसली. "काका, एक बोडी आटली, तळं सुकलं, म्हणून पाट बुजवता का जी? दुसऱ्या बोडीचं पाणी तिकडूनबी जाईन ना! बॅटरीच्या जागी तार जोडा."

जोडली. पुस्तकातलंच उत्तर!

आटलेल्या बोडीचा पाट... मले काऊन नाही सुचलं? जन्म धानाच्या बांधीकाठी गेला की! शिकवाले बसलो अन् शिकून उठलो. पोरी, या वयात कोणाच्या नशिबी येते असं?